मॅग्वायरला शिव्या घातल्या, आता टाळ्या वाजवतो, मग मी दलबदलू का?

अमळनेरच्या एका पोराचा प्रश्न आलाय. इंजिनियरिंगला आहे, मँचेस्टर युनायटेडचा फॅन, रूमवर पाच जणं मिळून मॅच बघतात. तो म्हणतो, सर, दोन-तीन वर्षांआधी मी आपल्या डिफेंडर मॅग्वायरला इतका बोललो की आमच्या ग्रुपचं नावच त्याच्यावरून होतं, आता त्याच्या हेडरवर उड्या मारतो तर मित्र मला दलबदलू म्हणून राहिले. मग तेव्हाचं मत खरं की आताचं? तुम्ही कोच लोकं हे कसं ठरवता?

भाऊ, मी भुसावळचा, रेल्वे कॉलनीत वाढलो, स्वतः हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो, जिल्ह्याच्या पुढे काही गेलो नाही, पण पोरांना शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. तर उत्तर एका ओळीत हवं असेल तर ते असं की बहुतेक वेळा प्लेयर बदललेलाच नसतो, त्याचं काम बदललेलं असतं, आणि आपण त्याला बघताना काम काय दिलंय ते बघतच नाही. पण एका ओळीत पटणार नाही म्हणून सगळंच सांगतो, वेळ काढून वाच.

मॅग्वायरपासूनच धर. 2019 ला लेस्टरवरून आला, 80 मिलियन पौंड, डिफेंडरसाठी तेव्हा जगात सगळ्यात जास्त. बरं आता हा आकडा कोणी ठरवला? त्याने नाही ठरवला. पण आपण मॅच बघताना तो आकडा त्याच्या पाठीवर लिहिलेला असल्यासारखा बघतो, एक पास चुकला की 80 मिलियन, एक जण बाजूने निघून गेला की 80 मिलियन. बाजारात केळीचा भाव पडला म्हणून कोणी घडाला शिव्या देतं का? असो.

त्याचा खरा प्रॉब्लेम काय होता, तर मागे वळायला वेळ लागणं. माणूस उंच, अंगाने जड, समोरून बॉल येऊ दे, हवेतून येऊ दे, त्याच्यासारखा माणूस नाही. पण डिफेंडरची लाइन वर ढकलली आणि त्याच्या मागे चाळीस यार्ड मोकळं सोडलं की फास्ट फॉरवर्डसोबत पळायचं काम त्याला करावं लागतं, आणि ते काम त्याचं नाहीच. आता गंमत बघ, ज्या काळात क्लबमध्ये लोकं त्याला बोलून राहिले होते त्याच काळात, 2021 मध्ये झालेल्या युरोत, इंग्लंडसाठी तो टूर्नामेंटच्या बेस्ट टीममध्ये होता, आणि त्याआधी 2018 चा वर्ल्ड कपही सेमीफायनलपर्यंत खेळून आलेला. पाय तेच, डोकं तेच. इंग्लंडची टीम खाली बसून खेळायची, त्याच्या मागे जागाच नसायची. मग तो मंद झाला कुठे? त्याला कुठे उभं केलं हा प्रश्न आहे.

आता एक सीन बारीक बघू, कारण हा सीन तूही बघितला असशील आणि शिव्याही तेव्हाच घातल्या असशील. 20 एप्रिल 2023, युरोपा लीगची क्वार्टरफायनल, सेव्हियाच्या ग्राउंडवर, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले. पहिली लेग, म्हणजे दोन मॅचमधली पहिली, 2-2, त्यातला शेवटचा गोल मॅग्वायरच्याच अंगाला लागून आत गेलेला, म्हणजे माणूस आधीच दडपणात. आठव्या मिनिटाला कीपर दे हेया पायाने खेळायला गेला, बॉल दिला मॅग्वायरला. त्याच्या आजूबाजूला पांढऱ्या शर्टाची तीन माणसं. त्याने पुढे काढायचा प्रयत्न केला, बॉल लामेलाला लागला, एन-नेसिरीने घेतला, गोल. मॅच 3-0 गेली. त्या रात्री सगळ्यांनी मॅग्वायरचाच फोटो फिरवला. मी दुसऱ्या दिवशी पोरांना तोच तुकडा मोबाईलवर दाखवला आणि विचारलं, चूक कोणाची? अकरा पोरांपैकी नऊ म्हणाली मॅग्वायर. मग म्हटलं आता चार सेकंद मागे जा, बॉल कीपरच्या पायात आहे तिथे थांबव, आता तू कीपर आहेस, कोणाला देशील? सगळी गप्प. एक पोरगं हळूच म्हणालं, सर, लांब मारून देईन.

तर चूक दोघांची होती, पण टीव्हीवर चूक नेहमी शेवटच्या माणसाची दिसते. कॅमेरा बॉलच्या मागे पळतो ना भो. डिफेंडर नव्वद मिनिटं बरोबर उभा असतो तेव्हा तो स्क्रीनच्या बाहेर असतो, तो स्क्रीनवर येतो तो अडचणीतच येतो. म्हणून टीव्ही बघून डिफेंडरबद्दल केलेलं मत मी स्वतःचं पण अर्धंच धरतो.

नंतर काय झालं, जुलै 2023 ला कॅप्टनशिप काढली, ऑगस्टमध्ये वेस्ट हॅमला जवळजवळ गेलाच होता, ते फिसकटलं. राहिला. नोव्हेंबर 2023 ला प्रीमियर लीगचा प्लेयर ऑफ द मंथ. पुढे कोच अमोरिम आला, मागे तीन जणं खेळवायला लागला, मॅग्वायर बऱ्याचदा मधोमध, दोन्ही बाजूला कव्हर, म्हणजे वळून पळायचं काम कमी आणि समोरचं उडवायचं काम जास्त. आणि 17 एप्रिल 2025, लियोनविरुद्धची मॅच, 2-0 वरून 2-2, एक्स्ट्रा टाइममध्ये 2-4 मागे, आणि मग सात-आठ मिनिटांत तीन गोल, शेवटचा 121व्या मिनिटाला मॅग्वायरचा हेडर, 5-4. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले, माझ्या घरात बायको उठून आली, म्हणे कोणाला काय झालं. मग ऑक्टोबर 2025 ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर 84व्या मिनिटाला पुन्हा त्याचाच हेडर, 2-1.

इथे मला तुला थोडं टोकायचंय. लियोनचा गोल बघून तुझं मत बदललं असेल तर ते मत नाही, ती खुशी आहे. तेव्हा तो डिफेंडर म्हणून उभाच नव्हता, कोचने त्याला पुढे फॉरवर्डमध्ये पाठवलेलं. खुशी व्हायलाच पाहिजे, मीपण शेजाऱ्यांची झोप मोडली. पण त्या एका हेडरमुळे तो मागे वळून पळायला फास्ट झाला का? नाही. वेस्ट हॅमला जाता जाता राहिलेला माणूस बेंचवर बसला, बोलावलं तेव्हा तयार निघाला, ह्याच्यासाठी मत बदलायचं तर शंभर टक्के बदल. तीन जणांच्या लाइनमध्ये तो चांगला, ह्याच्यासाठीही बदल. पण आता तू म्हणशील की आपण आधीच चूक होतो, मॅग्वायर जगातला बेस्ट, तर तेही तितकंच कच्चं. 2023 मध्ये उंच लाइनमध्ये तो फसायचा हे तुझं बघणं खोटं नव्हतं, त्यावरून काढलेला निकाल खोटा होता.

हे मी इतक्या ठामपणे सांगून राहिलो कारण मी हीच चूक केलीये, आणि मी तर टीव्हीवर नाही, दहा फुटांवर उभा राहून केलीये.

माझ्याकडे वह्या आहेत. प्रत्येक सीझनला एक दोनशे पानी वही, प्रत्येक पोराला चार पानं. दहा-बारा वर्षांआधीची गोष्ट, यावल साइडच्या एका गावातून पोरगा यायचा, सकाळच्या एसटीने, पंधरा-सोळा वर्षांचा, ताडासारखा उंच, हडकुळा. उंच म्हणून मी त्याला फॉरवर्डला टाकलं, दुसरा काही विचारच केला नाही. आठ मॅच, एक गोल, तोही नडगीला लागून गेलेला. बॉल पाठीमागून यायचा, हा तो थांबवायचा, वळायला जायचा, तोपर्यंत समोरचा स्टॉपर (मधला डिफेंडर) बॉल घेऊन गेलेला. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: उंची आहे, पाय मंद, वळायला उशीर, बसवणे. मैदानाच्या कडेला एक आप्पा रोज येऊन बसायचे, डोक्याला गमछा, शेतावर जायच्या आधी अर्धा तास आमचा खेळ बघायचे, ते मला म्हणाले, "मास्तर, हाऊ पोऱ्या काई कामना नही." मी मान हलवली.

मग सुब्रतो कपची, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची, जिल्हा फेरी. पाऊस आदल्या रात्रीपासून. आपली काळी माती तुला माहीतच आहे, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की स्टड अडकून घोटा मुरगळतो आणि पावसात तीच माती बुटाला दोन-दोन किलो चिकटते, पळणारं पोरगं तिथल्या तिथे बैल होतं. विसाव्या मिनिटाला माझ्या स्टॉपरचा गुडघा गेला. बेंचवर कोण, तर तीन बुटकी पोरं आणि हा. टाकलं त्याला मागे, म्हटलं काही करू नको, फक्त आला की उडव. आणि भाऊ, त्याने जे काही उडवलं! समोरच्या टीमची दोन्ही फास्ट पोरं चिखलात रुतत होती, बॉल गटांगळ्या खात होता आणि हा बॉल कुठे थांबणार ते आधीच ओळखून तिथे उभा. वळायचं कामच नाही, अख्खा खेळ डोळ्यांसमोर. हवेतले तर सगळे त्याचेच. 1-0 काढली मॅच.

मॅच झाल्यावर आप्पा आले, छत्री मिटवत. म्हणे, "मी तं पहिलेच सांगेल व्हतं, पोऱ्यामा दम शे."

मी हसलो, पण घरी येऊन वही काढली तर हसू गेलं. त्याच्या चार पानांवर मी चार वेगवेगळ्या तारखांना लिहून ठेवलेलं होतं: कॉर्नरला स्वतःहून मागे येतो, बरं उडवतो. चार वेळा! माझ्याच पेनने. लिहिलं आणि वाचलं नाही, कारण मी त्याला फॉरवर्ड म्हणून मोजत होतो आणि फॉरवर्डच्या हिशोबात मागे येऊन उडवणं हा रकानाच नव्हता. त्याला बॉल देणारा माझा हाफ कसा देत होता, पायात की पोटावर, त्याचीही एक ओळ नाही. आप्पांना निदान दोन मतांत कोणी पकडू शकत नव्हतं, माझं तर लेखी होतं.

ह्याच गोष्टीचा मोठा भाऊ न्यूकासलला घडलाय. जोएलिंटन, 2019 ला हॉफेनहाइमवरून, 40 मिलियन पौंड, क्लबचा तेव्हाचा रेकॉर्ड, आणि हातात दिला कोणता शर्ट तर नऊ नंबर, जो क्लबचा दिग्गज फॉरवर्ड शियररने घालून ठेवलेला. जर्मनीत तो दुसऱ्या फॉरवर्डच्या सोबतीने, बाजूला सरकून खेळायचा, इथे त्याला एकट्याला पुढे टांगून ठेवला. पहिल्या सीझनला लीगमध्ये 2 गोल. लोकांनी जोक केले, आपल्याकडे पण केले. मग नोव्हेंबर 2021, कोच एडी हाऊ नवीन आलेला, 30 तारखेला नॉर्विचची मॅच, नवव्या मिनिटाला न्यूकासलच्याच क्लार्कला रेड कार्ड, दहा माणसांत मधे कोणाला तरी मरमर पळायला पाहिजे होतं म्हणून जोएलिंटनला मिडफिल्डला ओढला. मॅच 1-1. पण त्या दिवसानंतर तो फॉरवर्ड राहिलाच नाही. त्या सीझनचा क्लबचा बेस्ट प्लेयर, पुढे 2023 ला ब्राझीलचा शर्ट, आणि मार्च 2025 ला वेम्बलीवर लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप आणला त्या टीमचा कणा, सत्तर वर्षांनी क्लबला देशातली मोठी ट्रॉफी. पाठीवर माणूस घेऊन गोल करणं त्याला जमत नव्हतं, अंगावर जाऊन बॉल हिसकावणं पहिल्यापासून जमत होतं. रेड कार्ड पडलं नसतं तर कळलं असतं का? मला शंका आहे. माझा पाऊस आणि हाऊचं रेड कार्ड, सारखंच.

आर्सेनलच्या मिडफिल्डर झाकाची केस मात्र थोडी वेगळी, त्यात राग पण होता. 27 ऑक्टोबर 2019, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध, कॅप्टन असून स्वतःच्याच लोकांनी हुर्यो केली, त्याने कानाला हात लावून दाखवला, शर्ट काढला, आत निघून गेला. कॅप्टनशिप गेली. मला वाटलं संपला. नवीन कोच आर्टेटाने त्याला थांबवला, तरी रेड कार्डं चालूच, ऑगस्ट 2021 ला सिटीविरुद्ध, जानेवारी 2022 ला ॲनफिल्डवर. मग 2022-23 ला त्याला डावीकडे पुढे सरकवला आणि त्याच्या मागची जागा लेफ्ट बॅक झिंचेंकोने आत येऊन भरायची असं ठरवलं. म्हणजे ज्या जागी तो घाईत चुकीचा टॅकल करायचा ती जागाच त्याच्याकडून काढून घेतली. लीगमध्ये 7 गोल, शेवटच्या मॅचला वुल्व्ह्जविरुद्ध दोन, आणि तेच स्टेडियम त्याला जाऊ नको म्हणत होतं. तो गेला लेव्हरकुसेनला आणि पहिल्याच सीझनला एकही मॅच न हरता बुंडेसलिगा जिंकून बसला. इथे काम बदललं हे आहेच, पण माणूसही थंड झाला, ते मी नाकारत नाही. कधी कधी प्लेयर खरंच बदलतो, फक्त आपल्याला वाटतं तितक्या वेळा नाही.

उलटं पण होतं, ते कोणी विचारत नाही. युनायटेडचा फॉरवर्ड रॅशफोर्ड, 2022-23 ला सगळ्या स्पर्धा मिळून 30 गोल, आपण म्हटलं आता हा एम्बाप्पेच्या लाइनीतला, पुढच्या सीझनला सगळे मिळून 8. मग दोन वर्षांत व्हिला, बार्सिलोना. ह्यात मी फॅनला जास्त दोष देतो, कारण 30 गोलच्या सीझनला मारलेलं सगळंच आत जात होतं, तसं सीझन कोणालाही एकदा लागतं आणि आपण त्यालाच त्याचं रोजचं माप धरून बसलो.

आणि दे हेया तर अजून विचित्र. 2017-18 ला गोल्डन ग्लव्ह, 18 क्लीन शीट, म्हणजे 18 मॅच एकही गोल न खाता. 2022-23 ला पुन्हा गोल्डन ग्लव्ह, 17 क्लीन शीट, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने जाऊ दिलं. हात तेच होते, पण आता कीपरने पायाने खेळायचं हे नवीन काम आलेलं, आणि ते सेव्हियाला काय झालं ते वर सांगितलं. मग इंटरवरून ओनाना आला, त्याने बायर्न आणि गलातासारायविरुद्ध जे सोडले ते बघून तेच लोकं म्हणायला लागले दे हेया किती भारी होता. घरी बसलेल्या माणसाबद्दल मत सुधारतं हे मी फक्त फुटबॉलमध्ये आणि ग्रामपंचायतीत बघितलंय.

आपल्याकडचं एक सांगतो. मी मुंबई सिटीवाला, मुंबई गाडीने एका रात्रीवर म्हणून आयएसएलमधला, म्हणजे भारताच्या फुटबॉल लीगमधला, तेवढा एकच क्लब आपला वाटतो. बिपिन सिंग 2018 ला आला तेव्हा मी पोरांना सांगायचो, हा नुसता पळतो, शेवटी काय करायचं ते ठरत नाही. मग कोच लोबेराच्या टीममध्ये बॉल वेळेवर विंगवर पोहोचायला लागला, आणि 13 मार्च 2021, फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये फायनल, 90व्या मिनिटाला मोहन बागानविरुद्ध त्याचाच गोल, 2-1. आणि 4 मे 2024, सॉल्ट लेकला फायनल, 3-1 जिंकलो, त्यातही एक गोल त्याचा. माझी पोरं अजून मला ऐकवतात, सर, नुसता पळतो ना?

मग मत कधी बदलायचं, हा तुझा खरा प्रश्न. मी पोरांबाबत असं करतो की मॅचच्या आधी लिहितो, ह्याला आज काय काम दिलंय. मॅचनंतर फक्त तेवढ्यावरच लिहितो. तू कोच नाहीस, तुला काम कोणी सांगणार नाही, पण पहिली पंधरा मिनिटं त्या एका माणसाकडे बघितलं तर बरंच कळतं, तो बॉल घेतो कुठे, घ्यायच्या आधी मान वळवून मागे बघतो का, बॉल गेल्यावर पहिली तीन पावलं कुणीकडे टाकतो. बाकी चार जणांना गोल बघू दे. आणि एका मॅचवर नाही, निदान आठ-दहा मॅच, त्यातही त्याच जागी खेळलेल्या. जागा बदलली की मोजणी पहिल्यापासून. मला स्वतःला ही सवय लागायला ती पावसातली मॅच लागली, नाहीतर मीपण आप्पाच होतो.

आणि मित्रांचं म्हणशील तर, दलबदलू तो जो हरल्यावर क्लब बदलतो. तू क्लब बदलला नाहीस ना? मग झालं. त्यांनाही ग्रुपवर मागे स्क्रोल करायला लाव, 2019 ला मॅग्वायर आला तेव्हा काय लिहिलं होतं ते बघ म्हणावं, आता आपला डिफेन्स सेट, असं पाचापैकी चौघांचं निघेल, हे मी न बघता सांगतो.

रविवारी भुसावळला आलास तर सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये, नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. तुला एक वही देतो. आमच्याकडे एक लेफ्ट बॅक आहे, माझ्या वहीत त्याच्यापुढे सध्या "आळशी" लिहिलंय. तू फक्त त्याच्याकडे बघ आणि मला न विचारता लिही.